चिर या दोन अक्षरांबद्दल

मी दगडावर अक्षरं कोरतो. आमच्या धंद्यातली चूक झाकता येत नाही. ती ऊनपावसात उभी राहते आणि चूक करणारा गेला तरी वाचली जाते. माझ्याकडून एक चूक झाली. नुसता हात घसरला असता तर मी तिच्याबद्दल लिहायला बसलो नसतो, हात सगळ्यांचेच घसरतात. मी एका विधवा बाईंनी लिहून दिलेला मजकूर त्यांना न विचारता बदलला. मला ती सुधारणा वाटली होती. आणि त्या विचारायला आल्या तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला निरोप आला होता की धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या. गमती पुष्कळ आहेत, थोड्या सांगतोही. पण त्या बाईंना, रूथ दीदींना, वगळून लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कागद फाडावा लागला.

आधी काम काय असतं ते सांगतो. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीनं विदर्भातून रायपूरला आले. बाबांना नोकरी मानवली नाही. त्यांनी तात्यापारा या वस्तीत दगडाचं दुकान टाकलं. त्या काळी खडूनं दगडावर अक्षर काढायचं आणि छिन्नी-हातोडीनं खोदायचं. आता कॉम्प्युटरवर अक्षरं कापलेलं रबरी स्टिकर दगडावर चिकटवतात आणि यंत्रानं त्यावर जोरात वाळू मारतात. स्टिकर असतं तिथं दगड शाबूत राहतो, उघडा असतो तिथं खोदला जातो. मग रंग भरायचा. समता कॉलनीतल्या बंगल्यांच्या नामपट्ट्या, देवळातल्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं, मंत्र्यांच्या भूमिपूजनाचे शिलापट्ट आणि ख्रिस्ती लोकांच्या कबरींचे दगड, हे सगळं एकाच शेडमध्ये शेजारीशेजारी पडलेलं असतं. एकदा एका साहेबांची नामपट्टी न्यायला त्यांचा ड्रायव्हर आला आणि चुकून कुणाच्या तरी आजीचा दगड गाडीत घालून निघाला होता. चौकातून परत आणला.

बाबांचा एक नियम होता. "आधी बोट, मग छिन्नी." खडूनं मजकूर काढून झाला की ते गिऱ्हाइकाला बोलावत आणि त्याचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवून सांगत, की आता बोट फिरवत मोठ्यानं वाचा. मोठमोठ्या लोकांनाही त्यांनी असं पहिलीतल्या पोरासारखं वाचायला लावलं. ते म्हणायचे, डोळा घाईत असतो, त्याला जे हवं तेच दिसतं, बोट मात्र अडखळतं. खरंच अडखळायचं. एका वकिलांचं बोट स्वतःच्याच आडनावावर थांबलं होतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दोन भावांची वाटणी झाली आणि ते बाबांनी कोरलेली 'आनंद सदन' ही घराची पाटी कापून मागायला आले. थोरल्यानं 'आनंद' घेतलं, धाकट्यानं 'सदन'. बाबांनी निमूटपणे पाटी कापून दिली. ते गेल्यावर म्हणाले, "एकाच्या घरात आता सदन नाही, अन् दुसऱ्याच्या घरात आनंद." पुढे माझ्या काळात एका नालीचा शिलापट्ट आला. त्यावर अकरा नावं होती, आणि काही दिवसांनी नाली पाहिली तर आमचा पट्ट तिच्यापेक्षा लांब वाटत होता.

आता माझ्या रोगाकडे येतो. मला लोकांची भाषा सुधारायची सवय आहे. रायपुरात निम्म्या घरांवर 'आशीर्वाद'चा रफार चुकीच्या जागी बसलेला असतो. माझ्याकडे तसा कागद आला की मी गुपचूप दुरुस्त करून कोरत असे. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तर लोक आभार मानत. एका शाळेच्या उद्घाटनाचा सगळा मजकूर मी नव्यानं लिहून दिला, तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांनी मला सगळ्यांसमोर 'पंडितजी' म्हटलं होतं. ते मला फार आवडलं. बाबा तेव्हा हयात होते. ते एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकाचा शब्द गिऱ्हाइकाचा असते. आपला फक्त दगड." बाबा जुन्या काळातले, असं मी मनाशी म्हटलं.

बाबा गेल्यावर बोटाचा नियमही गेला. मी मोबाइलवर मजकुराचा फोटो पाठवू लागलो. लोक फोटो न बघताच अंगठा पाठवत. म्हणजे बोटाच्या जागी अंगठा आला, असं मी गमतीनं म्हणत असे.

रूथ दीदी आल्या त्या निवडणुकीच्या आधीच्या दिवसांत. आमच्या धंद्यात तो हंगाम असतो. एकदा आचारसंहिता लागली की भूमिपूजनं बंद होतात, म्हणून त्याआधीच्या पंधरा दिवसांत सगळ्या रस्त्यांचे, पुलांचे आणि नाल्यांचे दगड एकदम हवे असतात. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात या बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, फिकट साडी, हातात छत्री. नोकरीत नर्स होत्या. त्यांचा नवरा अमृत मसीह उरला या कारखान्यांच्या वस्तीत, रोलिंग मिलमध्ये कामाला होता, तो काही महिन्यांपूर्वी वारला होता. त्यांनी वहीचा एक कागद दिला. त्यावर शाईच्या पेनानं हिंदीत नाव होतं, जन्माची आणि मृत्यूची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं:

यहाँ अमृत मसीह सोया है
जगाए जाने तक

त्यांनी काळा ग्रॅनाइट निवडला. मजकूर दगडाच्या अर्ध्या भागातच बसवायला सांगितला आणि दुसरा अर्धा भाग कोरा ठेवायला सांगितला. ही पद्धत मला माहीत होती. नवराबायकोचा एकच दगड असतो, मागे राहिलेल्याची जागा मोकळी ठेवतात. मग त्या म्हणाल्या, "भैया, सोया है, यही लिखना. उसका कारण है. वो क्या था ना..." आणि एवढ्यात एका मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. मी हात वर करून त्यांना थांबवलं. फोन लांबला. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि हातानंच 'येते' म्हणून गेल्या. कारण सांगायचं राहिलं, आणि मलाही ते ऐकायची गरज वाटली नाही.

तो कागद मी दोन दिवसांनी हातात घेतला. 'सोया है' हे मला खटकलं. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? जेवून दुपारी आडवा झालाय असं वाटतं. आणि 'जगाए जाने तक' हे तर मला अर्धवट राहिलेलं वाक्य वाटलं. म्हातारीनं घाईत काहीतरी लिहिलं असेल. मी ते काढलं आणि तिथं चांगली, भारदस्त भाषा घातली:

अमृत मसीह
चिरनिद्रा में लीन

अक्षरांची जुळणीही देखणी झाली. बाईंकडे साधा फोन होता, त्यामुळे फोटो पाठवायचा प्रश्नच नव्हता. त्यांना बोलावून बोट फिरवायला लावायला हवं होतं. शेडमध्ये सतरा शिलापट्ट पडले होते. मी नाही बोलावलं. कारागिरांनी दगड तयार केला आणि कब्रस्तानात नेऊन बसवला.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर कदाचित मी वेगळा वागलो असतो. चिडक्या गिऱ्हाइकाला मी घाबरतो.

"भैया, ये चिर क्यों लिखा?"

मी म्हणालो की तो आदराचा शब्द आहे, सगळ्यांच्या दगडावर लिहितात.

"चिर माने?"

"माने... हमेशा."

"तो हमेशा सोता रहेगा?"

यावर मी हसून म्हणालो की दीदी, भाषेत असं म्हणतात, अर्थ एकच आहे. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मग त्यांनी विचारलं की हे पुसता येईल का, बदलता येईल का.

बदलता येतं. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण तेव्हा बोललो नाही. ग्रॅनाइटची लादी उलटी करता येते. मागची बाजू खरखरीत असते, ती घासून पॉलिश करावी लागते, आणि मग तिच्यावर नव्यानं कोरता येतं. दीड-दोन दिवसांचं काम. पण मंत्र्यांचे दगड पडून होते. आणि खरं सांगायचं तर एक नर्सबाई मला शब्दाचा अर्थ विचारते आहे हेच मला झोंबलं होतं. मी म्हणालो, "दीदी, ये ग्रेनाइट है. पत्थर पर रबर नहीं चलता. एक बार खुद गया तो खुद गया."

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नमुन्याच्या दगडावरून एकदा हात फिरवला. "हव," एवढंच म्हणाल्या, छत्री उचलली आणि गेल्या. आमच्याकडे 'हव' म्हणजे हो. त्या हो म्हणाल्या म्हणजे त्यांना पटलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती दीड वर्ष टिकली.

दीड वर्षानं, होळी झाल्यावर, मी त्याच कब्रस्तानात दुसरा एक दगड बसवायला गेलो होतो. कारागीर सिमेंट कालवत होते तोवर मी सहज अमृत मसीहच्या दगडाकडे गेलो. आपलं काम बघावंसं वाटतं. लांबून मला तो मजकूर वेगळाच दिसला. मध्येच एक जागा गुळगुळीत काळी होती. जवळ गेलो तर 'चिर'मधला 'र' नव्हताच. 'चि' होता, पण त्याच्या खालून काळसर ओघळ आले होते, डोळ्यातलं काजळ गालावर यावं तसे. बोट लावून पाहिलं. मेण होतं.

तिथं बुधराम नावाचा म्हातारा राखणदार आहे. त्याला विचारलं. तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "दाई हर आथे गा. मोम म काजर मिला के भरथे. घाम म पिघल जाथे, त फेर आथे."

'दाई' म्हणजे म्हातारी आई. ही बाई मेणबत्तीच्या मेणात काजळ कालवून, दगडाच्या रंगाचं करून, ती दोन अक्षरं बुजवत होती. रायपूरच्या उन्हात काळा ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो. मेण वितळून जायचं. ती पुन्हा यायची, पुन्हा भरायची. दोन अक्षरं झाकली की 'निद्रा में लीन' एवढंच उरत होतं. तेवढं तिला चालत होतं. दीड वर्ष हे चाललं होतं. या महिन्यात मात्र दाई आली नाही, बुधराम म्हणाला. खाटेला खिळली आहे म्हणे. म्हणूनच 'चि' उघडा पडला होता. 'र'ही आणखी थोड्या उन्हात उघडा पडणार होता.

घरी येऊन मी सुनंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिनं पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग तुम्ही अजून घरी काहून बसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी गेलो. चर्चच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन खोल्यांचं घर. दार त्यांच्या मुलीनं, नीलिमानं उघडलं. ती शाळेत शिकवते. तिनं बाहेरच हळू आवाजात सांगितलं की आईच्या पोटात गाठ आहे, पसरली आहे, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आहे. ईस्टर तीन आठवड्यांवर होता. त्या सकाळी सूर्य उगवायच्या आधी ख्रिस्ती लोक कब्रस्तानात जमतात, कबरींवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात आणि उगवतीकडे तोंड करून गाणी म्हणतात. आईला तिथं जायचं आहे, नीलिमा म्हणाली, पण ती तोवर राहील की नाही कुणी सांगू शकत नाही.

रूथ दीदी खाटेवर होत्या. खूप वाळल्या होत्या. मला लगेच ओळखलं. "आओ पत्थर वाले भैया," म्हणाल्या, जणू मी दर आठवड्याला येत होतो.

तिथंच मी माफी मागायला हवी होती. घरून तसं ठरवून निघालो होतो. पण त्या खोलीत औषधांचा वास होता, नीलिमा माझ्यासाठी चहा ठेवत होती, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. मी म्हणालो, "दीदी, अब नई मशीन आ गई है. अब वो शब्द बदल सकता है."

एक खोटं झाकायला मी दुसरं बोललो. मशीन आमच्याकडे आठ वर्षं जुनी आहे.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "अच्छा हुआ, मशीन आ गई."

मग त्यांनी ते कारण सांगितलं, जे मी फोनच्या नादात ऐकलं नव्हतं. अमृत तीस वर्षं रात्रपाळी करायचा. सकाळी आठला उरल्याहून सायकलनं घरी यायचा, भुवयांपर्यंत लोखंडाची धूळ. अंघोळ करून झोपायचा. सगळ्या पाऱ्याला ठाऊक होतं, त्या खिडकीखाली पोरं ओरडायची नाहीत. भाजीवाली त्यांच्या दारावरून मुकी जायची. दुपारी चारला दीदी चहा घेऊन त्याला उठवायच्या. त्यांची स्वतःची ड्यूटी असली तर शेजारणीला सांगून जायच्या. तीस वर्षांत त्याला उठवायचं एकदाही राहिलं नाही.

"लोग पूछते, अमृत कहाँ है, तो मैं बोलती, सोया है. बाद में भी वही मुँह में आया. सोया है. झूठ थोड़े ही है. खाली जगाने की ड्यूटी अब मेरी नहीं," त्यांनी छताकडे बोट दाखवलं, "उसकी है."

'जगाए जाने तक' हे अर्धवट वाक्य नव्हतं. एक दिवस प्रभू मेलेल्यांना हाक मारून उठवेल, असं हे लोक मानतात. तिच्या दृष्टीनं त्या दगडावर लिहिण्यासारखं तेवढंच खरं होतं.

मी त्यांना विचारलं की दीदी, तुम्हाला हे अगदी पक्कं वाटतं का. आता वाटतं की आजारी माणसाला असं विचारू नये. पण मला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं. बाबा गेले तेव्हा आम्ही महादेव घाटावर अस्थी सोडल्या आणि घरी आलो. हजारो नावं कोरलेल्या माणसाचं नाव कुठल्याही दगडावर नाही. आत्मा मरत नाही हे मला शिकवलं आहे, मी ते मानतोही. पण बाबा म्हणून, त्या पांढऱ्या धुळीनं भरलेल्या हातांसकट, ते पुन्हा भेटतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ही बाई तर सांगत होती की तो उठेल, आणि चहा मागेल.

त्या विचार करून म्हणाल्या, "दर्द नहीं रहता तब पक्का रहता है. दर्द उठता है तो थोड़ा हिल जाता है. फिर बैठ जाता है." नर्सनं रुग्णाचा ताप सांगावा तसा त्यांनी स्वतःचा विश्वास सांगितला.

मी धीर द्यायला म्हणालो की देव काही दगडावरचं वाचून ठरवत नसेल. त्या हसल्या. "प्रभु थोड़े ही तुम्हारा पत्थर पढ़ेगा, भैया. पढ़ती तो मैं हूँ. और बाजू में मेरे को ही लेटना है ना. चिर लिखा रहेगा तो दोनों पर लिखा रहेगा." मग नीलिमाकडे बघून म्हणाल्या, "और उसके खर्राटे. तीस साल तो सह लिए. हमेशा के लिए कौन सहेगा?"

नीलिमा हसता हसता रडायला लागली आणि चहाचा बहाणा करून आत गेली.

घरी सुनंदानं विचारलं, मागितली का माफी? मी नव्या मशीनचं सांगितलं. ती लाटणं थांबवून म्हणाली, "आपल्याकडे कोणती नवी मशीन आली? तुम्ही तिले खरं काहून नाही सांगितलं?"

"घाबरलो."

"कोणाले? त्या खाटेवरच्या बाईले?"

खरं कारण असं, की मी पंडितजी होतो, आणि पंडितजींना 'मी खोटं बोललो' हे वाक्य येत नव्हतं.

नीलिमानं कब्रस्तानच्या समितीला कळवलं, परवानगी यायला दोन आठवड्यांवर गेले. मी स्वतः कारागिरांबरोबर जाऊन दगड काढला. बुधराम मदतीला होता. मी त्याला विचारलं की इथले सगळे दगड कबरीच्या एकाच टोकाला, पश्चिमेला का असतात. इतकी वर्षं मी तिथं दगड बसवत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो म्हणाला की डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात. हाक आली की उठून उभं राहताना तोंड उगवत्या सूर्याकडे व्हावं म्हणून. बुधराम ख्रिस्ती नाही. पण त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, जसं दुकानाचं दार कुठल्या बाजूला आहे ते सांगावं.

शेडमध्ये आणून मी लादी उलटी केली. मागची बाजू पॉलिश केली. दीदींचा तो वहीचा कागद माझ्या फाइलमध्ये होता. त्यावरचा शब्द न् शब्द घेतला. वडिलांची छिन्नी काढून हातानं कोरलं असं लिहिता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण मी त्याच जुन्या मशीननं केलं. फक्त स्टिकरवर आधी स्वतःचं बोट फिरवून मोठ्यानं वाचलं. अर्धी जागा पुन्हा कोरी ठेवली. ती जागा आता कोरी नाही. पुढे तिथं दीदींचं नाव कोरायच्या वेळी नीलिमानं बोट फिरवलं आणि एके ठिकाणी ते अडखळलंही. एक मात्रा राहिली होती.

दगड परत जागेवर बसला तो शनिवार होता, ईस्टरच्या आदला दिवस. नीलिमाचा फोन आला होता की आईला उद्या नेता येणार नाही, बसवलं तरी श्वास लागतो. दगड तर तिच्याकडे नेता येत नव्हता. मग मी ठसा काढला. पातळ कागद कोरलेल्या मजकुरावर ताणून धरायचा आणि वरून कोळसा फिरवायचा. सपाट भाग काळा होतो आणि खोदलेली अक्षरं पांढरी राहतात. बाबा जुन्या देवळातल्या अक्षरांचे असे ठसे काढून ठेवत. सगळ्या दगडाचा, कोऱ्या भागासकट ठसा घेतला, गुंडाळला आणि स्कूटरवरून निघालो.

वाटेत मी माफीचं वाक्य पाठ करत होतो. 'मुझसे जो त्रुटि हुई, उसके लिए मैं हृदय से क्षमाप्रार्थी हूँ.' वर्तमानपत्रात खुलासा छापतात तसं. चांगलं वाक्य होतं. दोन सिग्नलवर मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं.

दुपारचे चार वाजले होते. नीलिमानं आईला उशीला टेकवून बसवलं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी कागद धरला. दीदींना तो नीट दिसत नव्हता, चष्मा नाकावर राहत नव्हता. मी त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं. माझ्या हातून कित्येक वर्षांनी कुणा गिऱ्हाइकाचं बोट अक्षरावर ठेवलं गेलं, आणि ते दुकानात नव्हतं. बोट हळूहळू सरकत गेलं.

"यहाँ... अमृत मसीह... सोया है."

खालच्या ओळीवर त्या थांबल्या. मला वाटलं अडखळल्या. दम लागला होता.

"जगाए... जाने तक."

मग बोट आणखी पुढे, कोऱ्या भागात गेलं. तिथं काहीच नव्हतं, नुसता काळा कोळसा. त्या भागावरून त्यांनी बोट तसंच फिरवलं, जणू तिथलंही वाचत होत्या. बोटाचं टोक काळं झालं. काजळ कालवताना दीड वर्ष ते असंच होत असणार.

त्यांनी मान उशीला टेकवली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मशीन अच्छी है, भैया."

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशीही माहीत असावं. माझं पाठ केलेलं वाक्य मला आठवेना, त्यातला एक शब्दही सापडेना. मी त्यांच्या खाटेशी खाली बसलो.

"दीदी, मशीन पुरानी है. पत्थर उस दिन भी पलट सकता था. मैं झूठ बोला. माफ़ कर दो."